घरच्या ध्वनिमुद्रणाला प्रोसेसर किती हवा?

‘विंडोज १०’ची सद्दी संपली, इंटेलच्या दोन पिढ्यांतील दोष उघडकीस आला आणि मेमरीच्या किमती कडाडल्या. घरातच गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या कलावंतांपुढे अशा वेळी नव्या संगणकाचा प्रश्न उभा राहिला आहे. बाजारातील जाहिराती मात्र बोलतात त्या खेळणाऱ्यांशी, गाणाऱ्यांशी नव्हे. या वर्गाची नेमकी गरज किती आणि खर्च कोठे करावा, याचा हा लेखाजोखा.

एके काळी गाणे ध्वनिमुद्रित करायचे, तर ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या एखाद्या स्टुडिओची तारीख मिळवण्यापासून तयारी करावी लागे. तासांच्या हिशेबाने भाडे, वादकांची जमवाजमव आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असा तो मामला होता. आज डोंबिवलीतील किंवा कोथरूडमधील दोन खोल्यांच्या घरात, कपाटाच्या दारावर गोधडी टांगून, अभंगांची अख्खी ध्वनिफीत तयार होऊ शकते. सुगम संगीताचे शिक्षक विद्यार्थ्यांसाठी रियाजाच्या पट्ट्या घरीच तयार करतात. ‘स्टोरीटेल’ने २०१७ मध्ये भारतात पाऊल टाकताना मराठीला स्थान दिले आणि त्यानंतर मराठी श्राव्यपुस्तकांची बाजारपेठ रुजू लागली, तसे घरातून आवाज देणारे कलाकारही पुढे आले. मार्च २०२० च्या टाळेबंदीने तर ज्यांना ही हौस नव्हती त्यांनाही मायक्रोफोन विकत घ्यायला लावला.

या सगळ्या घरगुती स्टुडिओंच्या मध्यभागी संगणक असतो आणि संगणकाच्या मध्यभागी प्रोसेसर. गायकाला श्रुतीतला सूक्ष्म फरक कळतो. पण ‘कोअर अल्ट्रा ७’ आणि ‘रायझन ७’ यांतला फरक त्याने कोणाला विचारावा, हा प्रश्नच असतो. लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार त्याला सर्वात महाग डबा दाखवतो, शेजारचा महाविद्यालयीन तरुण खेळांच्या आकडेवारीवरून सल्ला देतो. परिणामी लाखभर रुपये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर खर्च होतात आणि मायक्रोफोनसाठी पाच हजारही उरत नाहीत.

निर्णय टाळता येईनासा झाला

आजवर अनेकांनी हा प्रश्न पुढे ढकलला होता. जुना संगणक चालतो आहे तोवर चालू द्यावा, हे मध्यमवर्गीय धोरण ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत गैर म्हणता येत नाही. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेपुरती सुमारे एक वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली. मात्र तो तोडगा नव्हे, केवळ सवलत होती. ‘विंडोज ११’ अधिकृतपणे चालवायचे तर इंटेलच्या बाजूने साधारणपणे आठव्या पिढीचा म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा आणि एएमडीच्या बाजूने रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे संगणक उत्तम चालत असले तरी या नियमाने बाद ठरतात.

ॲपलच्या गोटातही चित्र वेगळे नाही. इंटेलचा प्रोसेसर असलेल्या मॅक संगणकांसाठी २०२५ मधील ‘मॅक ओएस २६’ ही शेवटची आवृत्ती असेल, असे कंपनीने जून २०२५ मध्येच जाहीर केले. जुन्या इंटेल मॅकवर बसवलेली सॉफ्टवेअरची जंत्री नव्या यंत्रावर जशीच्या तशी चालेल, या भरवशावर राहण्याचे दिवस त्याबरोबर संपत आले.

यात मेमरीच्या महागाईची भर पडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी चिपच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने चालणाऱ्या ग्राहकोपयोगी मेमरीच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड बदलतो आणि मदरबोर्ड बदलला की बहुधा मेमरीही बदलावी लागते. त्यामुळे प्रोसेसरची निवड आता केवळ प्रोसेसरची राहिलेली नाही.

मुद्रण हलके, प्रक्रिया जड

ध्वनिमुद्रण हे प्रोसेसरच्या दृष्टीने फार मोठे ओझे आहे, हा पहिला गैरसमज. साधा हिशेब मांडला तरी तो दूर होतो. चांगल्या प्रतीच्या मुद्रणात दर सेकंदाला ४८ हजार नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा असतो. म्हणजे एका ट्रॅकसाठी सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट, मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट. गायक, संवादिनी, तबल्यासाठी दोन मायक्रोफोन, टाळ, बासरी असे करत सोळा ट्रॅक एकाच वेळी मुद्रित केले तरी सेकंदाला २.३ मेगाबाइटच होतात. साधी सॉलिड स्टेट ड्राइव्हसुद्धा सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या आसपास माहिती हाताळते. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकालाही हे काम जड नाही.

ओझे वाढते ते पुढे. मुद्रित आवाजावर इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असे संस्कार करणारी छोटी सॉफ्टवेअर, म्हणजे ‘प्लग-इन’, प्रत्येक ट्रॅकवर बसवली जातात. पूर्वी हे काम वेगळ्या यंत्रांवर किंवा महागड्या सिग्नल प्रोसेसिंग कार्डांवर होत असे. श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये ‘क्युबेस’बरोबर ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली आणि स्टुडिओतील कपाटभर यंत्रे हळूहळू संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये उतरली. घरचा स्टुडिओ शक्य झाला तो या बदलामुळे, आणि प्रोसेसरवरील ताणही तेव्हापासूनच सुरू झाला.

एखाद्या मंदिराच्या किंवा सभागृहाच्या खऱ्या घुमाऱ्याचा नमुना वापरणारा रिव्हर्ब, गिटारच्या ॲम्प्लिफायरची हुबेहूब नक्कल करणारे प्लग-इन आणि जुन्या यंत्रांचा ‘उबदार’ आवाज देणारी सॉफ्टवेअर ही त्यांतील सर्वात खादाड मंडळी. आवाजाची प्रत राखण्यासाठी ती आतल्या आत नमुन्यांची संख्या दुप्पट, चौपट करून गणित करतात. दहा साध्या इक्वलायझरना मिळून लागणार नाही इतकी शक्ती असे एकच प्लग-इन खाऊ शकते.

वेळेत वाढले तरच पंगत

खेळ, चित्रफितींचे संपादन आणि ध्वनिमुद्रण यांत एक मूलभूत फरक आहे. चित्रफीत तयार व्हायला दोन मिनिटांऐवजी तीन लागली तर बिघडत नाही. खेळात एखादी चौकट गळाली तर क्षणभर झटका जाणवतो. ध्वनीच्या बाबतीत मात्र मुदत चुकली की ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो मुद्रणात उतरला तर घेतलेला भाग वाया जातो.

याचे कारण ‘बफर’ नावाच्या व्यवस्थेत आहे. संगणक प्रत्येक नमुना स्वतंत्रपणे हाताळत नाही. ठरावीक संख्येचा गठ्ठा करून त्यावर प्रक्रिया करतो. पंगतीत वाढप्याने पान रिकामे होण्याआधी फेरी पूर्ण केली पाहिजे, तसे गठ्ठा संपण्याआधी पुढचा तयार असावा लागतो. १२८ नमुन्यांचा गठ्ठा ठेवला तर ही फेरी सेकंदाला ३७५ वेळा होते आणि प्रत्येक फेरीसाठी २.६७ मिलिसेकंद मिळतात. सर्व ट्रॅक, त्यांवरील सर्व प्लग-इन आणि अखेरची बेरीज एवढ्यात उरकावी लागते. ३७४ फेऱ्या वेळेत झाल्या आणि एक चुकली, तरी कानाला चूक ऐकू येते. म्हणूनच सरासरी वेगापेक्षा वेळ पाळण्याची खात्री येथे अधिक मोलाची ठरते.

गठ्ठा १०२४ नमुन्यांचा केला तर फेरीला २१ मिलिसेकंदांहून अधिक वेळ मिळतो आणि प्रोसेसर निवांत होतो. मग तो नेहमीच मोठा का ठेवू नये? कारण तेवढाच उशीर गायकाच्या हेडफोनमध्ये शिरतो. आवाज आत येताना एक गठ्ठा आणि बाहेर जाताना एक, शिवाय यंत्रणेचा स्वतःचा थोडा विलंब असतो. १०२४ च्या गठ्ठ्यावर हा फेरा ४० मिलिसेकंदांच्या पलीकडे जातो. तबलजीने बोल वाजवावा आणि तो कानात मागाहून पडावा, अशी ती अवस्था. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा साथीदार साडेतीन मीटरवर बसल्यासारखा असतो. मैफलीत तो खपून जातो. चाळीस मिलिसेकंद म्हणजे साथीदार चौदा मीटरवर. एवढ्या अंतरावरून द्रुत लयीत साथ देणे अवघडच.

फुकटातली पळवाट

येथेच एक गोष्ट दुकानात बहुधा सांगितली जात नाही. मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या बहुतेक ऑडिओ इंटरफेसमध्ये ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’ची सोय असते. तिच्यामुळे गायकाचा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट त्याच्या हेडफोनमध्ये जातो. संगणक केवळ आधी मुद्रित केलेली साथ ऐकवतो आणि नवा आवाज टिपतो. मग गठ्ठा ५१२ चा असो वा १०२४ चा, गाणाऱ्याला विलंब जाणवत नाही. सॉफ्टवेअर योग्य जुळणी करून नवा ट्रॅक जागच्या जागी बसवते.

याचा अर्थ असा की गायन, संवादिनी, तबला, बासरी, सतार अशी खरी वाद्ये मुद्रित करणाऱ्याला अतिवेगवान प्रोसेसरची गरजच फारशी पडत नाही. गरज पडते ती संगणकाच्या आतून वाजणारी वाद्ये की-बोर्डवर प्रत्यक्ष वाजवणाऱ्याला आणि गिटारचा आवाज सॉफ्टवेअरमधून ऐकत वाजवणाऱ्याला. त्यांना वळसा टाळता येत नाही, कारण त्यांचा आवाज जन्मतोच मुळी संगणकात. ग्राहकाने दुकानात जाण्यापूर्वी आपण यांतील कोणत्या वर्गात मोडतो, हे ठरवले तरी निम्मा प्रश्न सुटतो.

गाभे जास्त की वेग जास्त?

२००४ पर्यंत प्रोसेसरची निवड सोपी होती. गिगाहर्ट्झचा आकडा मोठा तो प्रोसेसर चांगला, एवढे समीकरण पुरत असे. उष्णतेने ती शर्यत थांबवली. इंटेलने मे २००४ मध्ये ‘तेजस’ या सांकेतिक नावाचा आपला भावी प्रोसेसर रद्द केला आणि २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोघांनीही घरगुती ग्राहकांसाठी दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आणले. तेव्हापासून वेग थोडा आणि गाभे अधिक, अशी वाटचाल सुरू आहे. आज सोळा गाभ्यांचा प्रोसेसरही घरगुती संगणकात बसतो.

पण गाभे वाढवले म्हणून काम त्याच पटीत लवकर होत नाही. संगणक अभियंता जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच हे दाखवून दिले होते. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो अखेर सगळ्यांना अडवून धरतो. ध्वनिमुद्रणात याचा प्रत्यय पदोपदी येतो. गायकाच्या ट्रॅकवर पाच प्लग-इन ओळीने बसवले असतील, तर चौथ्याचे उत्तर हाती आल्याशिवाय पाचव्याला काम सुरू करता येत नाही. ही साखळी एकाच गाभ्यावर चालते. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या गाभ्यांवर वाटता येतात, हे खरे. मात्र सर्व ट्रॅकची बेरीज होऊन अखेरच्या ‘मास्टर’ मार्गावर आवाज आला की तेथील साखळी पुन्हा एकट्या गाभ्याच्या वाट्याला येते, तीही बाकीचे सगळे आटोपल्यावर, उरलेल्या वेळात.

म्हणूनच सोळा मध्यम गाभ्यांपेक्षा आठ वेगवान गाभे घरगुती स्टुडिओत अधिक उपयोगी पडतात. संगणक दाखवतो ती सरासरी ३० टक्के असतानाही आवाज तुटतो, तो याच कारणाने. पंधरा गाभे रिकामे बसलेले असतात आणि सोळावा घामाघूम झालेला असतो.

नमुन्यांचा दर ४८ हजारांवरून ९६ हजारांवर नेला की त्याच गठ्ठ्यासाठी मिळणारा वेळ निम्मा होतो. घरच्या खोलीत मुद्रित केलेल्या भावगीतासाठी हा दर क्वचितच आवश्यक असतो. नवा प्रोसेसर घेण्यापूर्वी ही एक नोंद बदलून पाहणे हा सर्वात स्वस्त उपाय ठरू शकतो.

तीन गोट, तीन स्वभाव

इंटेलने नोव्हेंबर २०२१ मध्ये बाराव्या पिढीत शक्तिशाली आणि काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे एकाच प्रोसेसरमध्ये आणले. कोणते काम कोणत्या गाभ्याला द्यायचे हे विंडोजने ठरवायचे. ध्वनीचे मुदतबंद काम काटकसरी गाभ्यावर जाऊन पडले तर मुदत चुकण्याचा धोका असतो. ‘विंडोज ११’ आणि सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांमुळे हा प्रश्न बराच निवळला, तरी जुन्या आवृत्त्यांवर चिकटून राहणाऱ्यांना तो जाणवू शकतो. याच पिढीतील ‘कोअर आय ५ १२४००’ या प्रोसेसरमध्ये सहाही गाभे शक्तिशाली आहेत, काटकसरी एकही नाही. साध्या घरगुती स्टुडिओसाठी ही सरळ रचना सोयीची पडते.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीची गोष्ट वेगळी. डेस्कटॉपवरील या प्रोसेसरांपैकी अनेक अस्थिर होत असल्याच्या तक्रारींनंतर इंटेलने २०२४ मध्ये दोष मान्य केला. प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्याने आतील मंडलाची झीज होत होती. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती देण्यात आली, खोक्यातून विकलेल्या प्रोसेसरांची हमी तीन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. मात्र झालेली झीज दुरुस्तीने भरून निघत नाही. त्यामुळे या दोन पिढ्यांचा प्रोसेसर जुन्या बाजारातून स्वस्तात मिळत असेल, तर हमी शिल्लक आहे का आणि मदरबोर्डचे बायॉस त्या दुरुस्तीनंतर अद्ययावत केले होते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘कोअर अल्ट्रा २००’ मालिकेचा समावेश या दोषात नाही. खेळांच्या चाचण्यांत तिच्यावर टीका झाली. परंतु खेळातील गुणांवरून ध्वनीच्या कामाचा निवाडा करणे योग्य नव्हे.

एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकांत डेस्कटॉपवरील गाभे एकाच प्रकारचे असतात, ही ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने जमेची बाजू. आठपेक्षा अधिक गाभे हवे असतील तर ते दोन तुकड्यांत विभागलेले असतात आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात माहिती जायला किंचित अधिक वेळ लागतो. खेळांसाठी नावाजलेल्या ‘एक्स ३ डी’ प्रोसेसरांतील जादा कॅशेसाठी वेगळे पैसे मोजावेत, असे सबळ कारण ध्वनीच्या कामात सहसा नसते. या कंपनीचा एएम ५ हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवण्याचे आश्वासन असल्याने पुढे केवळ प्रोसेसर बदलण्याची वाट खुली राहते. थंडरबोल्टवर चालणारा इंटरफेस आधीच घरात असेल तर मात्र मदरबोर्ड तपासून घ्यावा लागतो, कारण एएमडीच्या सर्वच मदरबोर्डांवर ती सोय नसते.

ज्यांच्याकडे एएमडीचा जुना एएम ४ मदरबोर्ड आहे, त्यांना महागाईच्या दिवसांत सर्वात चांगला मार्ग सापडतो. बायॉस अद्ययावत करून त्याच बोर्डावर ‘रायझन ७ ५७००एक्स’सारखा आठ गाभ्यांचा, ६५ वॉटचा प्रोसेसर बसवता येतो. जुनी डीडीआर ४ मेमरी तशीच राहते आणि ‘विंडोज ११’चा प्रश्नही सुटतो. आपला मदरबोर्ड त्या यादीत आहे की नाही, हे निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहणे तेवढे आवश्यक.

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एम १’ आणून घरगुती स्टुडिओचे गणितच बदलले. २०२४ च्या अखेरीस आलेल्या ‘एम ४’च्या मॅक मिनीमध्ये चार शक्तिशाली आणि सहा काटकसरी गाभे असून किमान मेमरी १६ गिगाबाइट आहे. बाजारात आला तेव्हा भारतात त्याची किंमत ५९ हजार ९०० रुपयांपासून होती. एका गाभ्याचा वेग, कमी वीज आणि जवळजवळ नीरव कारभार या तिन्ही गोष्टी ध्वनिमुद्रणाला नेमक्या हव्या असतात. ‘गॅरेजबँड’ मोफत मिळते, हेही नवशिक्याच्या पथ्यावर पडते. उणीव एकच, पण मोठी. मेमरी नंतर वाढवता येत नाही. घेताना चूक झाली तर ती संगणकाच्या आयुष्यभर सोबत राहते.

पंख्याचा षड्ज

मोठ्या स्टुडिओत संगणक वेगळ्या खोलीत असतो. मुंबई-पुण्यातील घरात तो गायकापासून चार फुटांवर असतो. अशा वेळी प्रोसेसर किती वॉट खातो हा विजेच्या बिलाचा नव्हे, आवाजाच्या प्रतीचा प्रश्न होतो. ‘कोअर आय ९ १४९००के’ पूर्ण ताकदीने चालताना २५३ वॉटपर्यंत जाऊ शकतो. तेवढी उष्णता बाहेर काढायला पंख्यांना सतत आणि जोरात फिरावे लागते. संवेदनशील कंडेन्सर मायक्रोफोन तो आवाज तानपुऱ्याइतक्या निष्ठेने टिपतो. ६५ वॉटच्या वर्गातील ‘रायझन ७ ७७००’सारखा प्रोसेसर मोठ्या, संथ फिरणाऱ्या पंख्यावर शांतपणे चालतो.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि मुद्रणाच्या वेळी छताचा पंखा व कूलर दोन्ही बंद ठेवावे लागतात. खोली तापली की प्रोसेसरला आपला वेग स्वतःहून कमी करावा लागतो. सकाळी सुरळीत वाजलेले गाणे दुपारी तुटक वाजते, त्याचे मूळ अनेकदा येथे असते. डब्यावर छापलेला कमाल वेग हा थंड खोलीतला, काही क्षणांचा वेग असतो, हे ग्राहकाने गृहीत धरलेले बरे.

दोष नेहमी प्रोसेसरचाच नसतो

आवाज तुटला की प्रोसेसर कमी पडला, असा निष्कर्ष तडकाफडकी काढला जातो. प्रत्यक्षात वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाचे सदोष ड्रायव्हर क्षणभर प्रोसेसरला अडवून ठेवतात आणि तेवढ्यात गठ्ठा चुकतो. ‘लेटन्सीमॉन’ या नावाचे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर दोषी आहे ते दाखवते. मुद्रणाच्या वेळी वाय-फाय बंद करणे, विंडोजची वीज वाचवण्याची योजना बदलून पूर्ण क्षमतेची निवडणे आणि इंटरफेसच्या निर्मात्याचा स्वतःचा ‘असिओ’ ड्रायव्हर वापरणे, एवढ्या तीन गोष्टींनी अनेक ‘कमकुवत’ संगणक पुन्हा धडधाकट होतात.

पेंटियम ४ च्या काळातील एक विचित्र अनुभव जुन्या ध्वनिमुद्रकांच्या स्मरणात असेल. गाणे चालू असताना प्रोसेसर निवांत असे आणि गाणे संपून शांतता पसरली की त्याचा भार एकदम वाढे. विरत जाणाऱ्या रिव्हर्बच्या शेपटीतील शून्याजवळच्या अतिसूक्ष्म संख्या हाताळताना त्या प्रोसेसरची दमछाक होई. नव्या प्लग-इनमध्ये अशा संख्या सरळ शून्य धरण्याची काळजी बहुतेक ठिकाणी घेतली जाते. भार पडतो तो केवळ प्रोसेसरच्या ताकदीवर नव्हे, सॉफ्टवेअर किती नीट लिहिले आहे यावरही, हा त्यातील धडा मात्र कायम आहे.

‘फ्रीझ’ची सोय हा आणखी एक विसरलेला उपाय. एखाद्या ट्रॅकवरील प्रक्रिया पक्की झाली की तो तात्पुरता तयार ध्वनीत बदलून ठेवता येतो आणि त्यावरील प्लग-इनचा भार शून्यावर येतो. आठ वर्षांचा संगणक या एका सवयीवर आणखी दोन वर्षे रेटता येऊ शकतो.

कोणी काय घ्यावे?

गायन, अभिवाचन आणि खरी वाद्ये मुद्रित करणाऱ्यांना सहा गाभ्यांचा अलीकडचा कोणताही मध्यम प्रोसेसर आणि १६ गिगाबाइट मेमरी पुरेशी आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड टाळता येते. मात्र त्यासाठी प्रोसेसरमध्ये ती सोय अंगभूत आहे ना, हे पाहावे. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर ती नसते.

की-बोर्डवरून संपूर्ण वाद्यवृंद उभा करणाऱ्या संगीत संयोजकांची गरज वेगळी. व्हायोलिनच्या प्रत्येक स्वराचे असंख्य नमुने असलेल्या संग्रहांत प्रत्येक नमुन्याचा सुरुवातीचा अंश मेमरीत ठेवला जातो आणि उरलेला वाजताना ड्राइव्हवरून ओढला जातो. त्यांना आठ वेगवान गाभे, किमान ३२ गिगाबाइट मेमरी आणि जलद एनव्हीएमई ड्राइव्ह हवी. प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन मेमरी वाढवली तर येथे फायदाच होतो.

मालिका, जाहिराती आणि चित्रपटांचे काम घरातून करणाऱ्या व्यावसायिकांनी बारा ते सोळा गाभे आणि ६४ गिगाबाइटचा विचार करावा. त्यांच्या बाबतीत वाचलेला तास म्हणजे मिळालेला पैसा असतो. हौसेखातर गाणाऱ्याने मात्र त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

प्रोसेसरची शक्ती दरवर्षी वाढेल आणि आजचा महागडा डबा चार वर्षांनी साधा वाटेल. चांगला मायक्रोफोन, भरवशाचा इंटरफेस आणि गोधड्या, पुस्तके, जाड पडदे यांनी शांत केलेली खोली यांचे मोल तेवढ्या झपाट्याने कमी होत नाही. संगणकावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर भरून आणलेला प्रोसेसर बेसूर गळ्याला सुरात आणू शकत नाही आणि कुकरची शिट्टी मुद्रणातून निखळ वगळूही शकत नाही. खर्चाची आखणी करताना मायक्रोफोन, इंटरफेस आणि खोली यांसाठीची रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशांत बसेल तो प्रोसेसर घ्यावा. बहुतेकांना तो पुरून उरेल.